बर्फावरची गाडी आणि लाकडी घरातला मुक्काम: कोल्हापूरहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. गुलमर्गला दोनदा आणि फिनलंडच्या लॅपलंडला एकदा जाऊन आल्यापासून दिवाळी सरली की फोन सुरू होतात. पाहुणे विचारतात, मुलीच्या वर्गातले पालक विचारतात, शेजारच्या फौंड्रीतले लोक विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

स्नोमोबाईल म्हणजे नेमकी कशी गाडी? आपल्याला जमेल का?

पुढं दोन स्की, मागं रुंद रबरी पट्टा. चाक नावाला नाही. पट्टा बर्फाला धरून गाडी पुढं ढकलतो आणि हँडल वळवलं की स्की वळतात. वजन दोन-अडीचशे किलोच्या घरात. गिअर बदलायची भानगड नाही, कारण आत बेल्टवर चालणारा व्हेरिएटर असतो. ॲक्टिव्हात जसं रेस वाढवली की गाडी आपोआप वेग धरते, तसंच. पण रेस मुठीत नसते. उजव्या अंगठ्यानं एक छोटी पट्टी दाबायची. ब्रेक डाव्या हाताला.

पहिल्यांदा बसलो तेव्हा मी सवयीनं मूठ पिळत राहिलो आणि गाडी जागची हलेना. शेजारी उभ्या पोरानं माझा अंगठा धरून पट्टीवर ठेवला आणि हलकेच दाबला. गाडीनं असा हिसका दिला की मान मागं गेली. इंजिन टू-स्ट्रोक होतं. तो धुराचा वास आला आणि वडिलांची येझदी डोळ्यांसमोर उभी राहिली.

एक गोष्ट आधी शिका. हँडलजवळच्या बटणाला एक दोरी असते. तिचं दुसरं टोक मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचं. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. ही दोरी लावल्याशिवाय निघू नका. गाडीवाला "राहू दे" म्हणाला तरी लावा.

वळणावर मोटरसायकलसारखं अंग आतल्या बाजूला झुकवावं लागतं. घाबरून ताठ बसलात तर गाडी सरळच जाते. दुचाकी चालवणाऱ्याला अर्ध्या तासात अंदाज येतो.

ही गाडी निघाली तरी कशासाठी? नुसती हौस म्हणून?

नाही, आणि हे मुलांना जरूर सांगा. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात व्हालकूर नावाचं गाव आहे. तिथं जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए नावाचा गॅरेज चालवणारा माणूस होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्यानं गेला. रस्ते बर्फानं बंद होते, दवाखान्यापर्यंत नेताच आलं नाही. त्यानंतर तो बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागंच लागला. १९३७ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या गाड्या डॉक्टर, टपाल, शाळेतली मुलं यांची ने-आण करायच्या. एक-दोन माणसांची हलकी स्की-डू आली ती १९५९ मध्ये. वर्कशॉपवाला असल्यामुळं असेल, पण ही हकीकत मला फार जवळची वाटते. आजही लॅपलंडमध्ये रेनडिअर पाळणारे लोक कळपामागं याच गाडीनं जातात.

गुलमर्ग की परदेश?

पहिल्यांदा जात असाल तर गुलमर्ग. मात्र एक समजून जा. गुलमर्गला स्नोमोबाईलची फेरी थोडक्यात आटोपते आणि बहुतेक वेळा त्यांचा माणूस तुमच्याबरोबर गाडीवर असतो. स्वतः तासन् तास चालवत जंगलातून जायचं आणि संध्याकाळी बर्फातल्या लाकडी घरी पोचायचं, हा प्रकार लॅपलंड, नॉर्वे, कॅनडा अशा ठिकाणी मिळतो. त्याला खर्च कितीतरी पट जास्त. मनालीजवळ सोलंगला आणि अटल बोगद्यापलीकडं सिस्सूलाही बर्फावरच्या गाड्या असतात. पण लाकडी घरातल्या निवांत मुक्कामासाठी माझी पसंती गुलमर्गलाच.

नेमकं कधी जायचं?

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग पाडतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडक थंडी. मग २० दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटी १० दिवस चिल्लई बच्चा. चिल्लई कलानमध्ये नळातलं पाणी गोठतं, दल सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो. ३० जानेवारीच्या आसपास ते संपतं आणि थंडीची धार जरा बोथट होते. गुलमर्गला मात्र बर्फ तोवर चांगला साठलेला असतो.

म्हणून आमचं घरातलं गणित साधं आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अंबाबाईचा किरणोत्सव. तो डोळे भरून पाहायचा आणि मग बॅगा भरायच्या. फेब्रुवारीचे पहिले दोन आठवडे मला सगळ्यात योग्य वाटतात. नाताळच्या सुट्टीत गर्दी प्रचंड, भाव चढे, आणि बर्फाचा भरवसा त्या मानानं कमी.

दहावी-बारावीचं पोर घरात असेल तर बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीतच लागते, तेव्हा त्या वर्षी हा विषयच नको. शेतकरी मंडळींची अडचण वेगळी असते. ऊसतोडीची पाळी कधी येईल ते आधी सांगता येत नाही. कागलचा माझा मेहुणा दोन वर्षं याच कारणानं राहिला. त्याला मी सांगतो, ऊस कारखान्याला गेल्याशिवाय तिकीट काढू नकोस. मार्चच्या पहिल्या आठवड्यातही गुलमर्गला बर्फ असतो, दुपारी जरा मऊ आणि ओला होतो इतकंच.

आणि इतकं करून बर्फच नसला तर?

सगळ्या प्रश्नांतला हा खरा प्रश्न, आणि फार कमी लोक तो विचारतात.

जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. तपकिरी गवतावर उभ्या पर्यटकांचे फोटो सगळ्या पेपरांत आले होते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ठरलेल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर न्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पुन्हा तेच झालं. फेब्रुवारीतल्या स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये घेतल्या. सरकारला जिथं तारीख पुढं ढकलावी लागते, तिथं आपल्या रजेच्या अर्जाची काय कथा?

काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या झंझावातावर अवलंबून असतो. हवामान खातं त्याला पश्चिमी विक्षोभ म्हणतं. तो आला की दोन-तीन दिवसांत कमरेएवढा बर्फ, आणि नाही आला तर आठवडेच्या आठवडे निळं आकाश. म्हणजे अडचण दोन्हीकडून येऊ शकते. बर्फ नसतो, नाहीतर इतका पडतो की विमानं बंद, रस्ते बंद, गोंडोला म्हणजे तिथला रोपवेही बंद.

आमच्या पहिल्या खेपेला हेच झालं. एका सहल ठरवणाऱ्यानं पाच रात्रींचा आखीव कार्यक्रम दिला होता. त्यात गुलमर्गला एकच दिवस, आणि परतीचं श्रीनगर–दिल्ली आणि दिल्ली–पुणे विमान वेगवेगळ्या तिकिटांवर, मध्ये तीन तासांचं अंतर. निघायच्या पहाटे बर्फ सुरू झाला. धावपट्टी दिसेना. दुपारी विमान रद्द झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या विमान कंपनीनं पुढचं तिकीट वाया गेलं म्हणून हात वर केले, आणि नियमानं ते बरोबरही होतं. सहावीतली मुलगी, सत्तरीतली आई, चार बॅगा, आणि श्रीनगरात खोली शोधणं आलं. आई सगळा वेळ गप्प होती. रात्री खोलीत गेल्यावर एवढंच म्हणाली, "एक दिवस हातात ठेवायचा होतास रे."

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. गुलमर्गला किमान तीन रात्री. आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस पूर्ण मोकळे, काहीही न ठरवलेले. सगळं सुरळीत झालं तर ते दोन दिवस श्रीनगरात लाल चौकात हिंडण्यात, दलमध्ये शिकाऱ्यात बसण्यात जातात. ते वाया जात नाहीत. उलट दुसऱ्या खेपेला त्याच मोकळ्या दिवसांत रात्रभर बर्फ पडला आणि आम्ही श्रीनगरला उतरण्याऐवजी हटमध्येच राहिलो. सगळ्या सहलीतला मुलीच्या सगळ्यात लक्षात राहिलेला दिवस तोच.

रजा सहाच दिवसांची असेल तर ठिकाणं कमी करा. पहलगाम, सोनमर्ग, दूधपथरी सगळं एका खेपेत बसवू नका.

कोल्हापूरहून जायचं कसं?

उजळाईवाडीहून मुंबईला विमानानं, तिथून दिल्लीमार्गे किंवा थेट श्रीनगर. बेळगाव किंवा पुण्याहून दिल्ली गाठणारेही पुष्कळ. कसंही जा, सगळे टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर काढा. म्हणजे एक विमान चुकलं तर पुढची सोय करणं त्यांची जबाबदारी राहते. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं असतं, म्हणून दिल्लीतून दुपारचं विमान बरं.

रेल्वेनं जायचं तर पुण्याहून जम्मूला झेलम एक्स्प्रेस आहे. जून २०२५ मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत सुरू झाली, ती साधारण तीन तासांत पोचवते. वाटेत चिनाबवरचा पूल लागतो, नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच. लोखंडाच्या धंद्यातल्या माणसानं तो एकदा तरी पाहावा. पूर्वी बर्फात जम्मू–श्रीनगर महामार्ग बनिहाल, रामबनच्या बाजूला बंद पडला की माणूस अडकायचा. आता रेल्वेचा आधार झालाय.

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. शेवटचे १३ किलोमीटर तंगमर्गपासूनचा घाट. ताजा बर्फ असला की चाकांना साखळ्या बांधलेल्या किंवा फोर-व्हील गाड्याच वर सोडतात. आपली टॅक्सी खालीच थांबते आणि तिथून दुसरी करावी लागते. हा खर्च आधीच धरून ठेवा.

काश्मीरला जाणं सुरक्षित आहे का?

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ जणांचा जीव गेला. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर हा प्रश्न घराघरात आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या घटनेनंतर तिथली बरीच पर्यटनस्थळं बंद केली होती, मग टप्प्याटप्प्यानं उघडली. निघण्याआधी आणि निघाल्यावरही कोणतं ठिकाण उघडं आहे ते जम्मू-काश्मीर पर्यटन विभागाकडून पाहा. बंद असलेल्या जागी "आम्ही नेतो" म्हणणाऱ्याच्या मागं जाऊ नका. घरातल्या एकाचंही मन घेत नसेल तर त्याला ओढून नेऊ नये. बर्फ पुढच्या वर्षीही आहे.

हट कशी निवडायची? हॉटेलच बरं नाही का?

मुक्काम लाकडी घरातच करावा असं माझं स्पष्ट मत आहे. स्नोमोबाईलवर दिवसातला तासभर जातो, बाकीचे तेवीस तास तुम्ही घरात असता.

जम्मू-काश्मीर पर्यटन विकास महामंडळाच्या गुलमर्गला हट आहेत, खासगीही आहेत. आरक्षण करताना फोटो पाहून भुलू नका. फोन करून हे विचारा: गरम करायची सोय काय आहे, लाकडाची बुखारी (खोली तापवायची शेगडी) की विजेचा हीटर? लाकडं भाड्यात धरलेली आहेत की वेगळी? वीज गेली तर जनरेटर किती वेळ चालतो? गरम पाणी दिवसभर की ठरावीक वेळी? गाडी दारापर्यंत येते का, नाहीतर किती चालावं लागतं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. बर्फात २०० मीटर बॅग ओढत नेणं म्हणजे पन्हाळ्याच्या पायऱ्या पोतं घेऊन चढण्यासारखं आहे, बॅगेची चाकं तिथं काही कामाची नाहीत.

आमची हट देवदाराच्या लाकडाची होती, वर उतरतं पत्र्याचं छप्पर. पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला धडाम असा आवाज झाला, की मुलगी किंचाळत आमच्या अंथरुणात आली. उसाची ट्रॉली घरावर रिकामी केल्यासारखा आवाज. सकाळी चौकीदारचाचांनी दाखवलं, छपरावर साठलेला बर्फ एकदम घसरून खाली आला होता. खिडकीच्या निम्म्यापर्यंत ढीग. चाचांनी तिला सांगितलं, छपराच्या कडेखाली कधी उभं राहायचं नाही. ती सूचना मी तशीच पुढं देतो.

सकाळी नळाची धार बारीक सोडून ठेवलेली दिसली तर बंद करू नका. वाहतं पाणी लवकर गोठत नाही, म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते.

बुखारी रात्रभर पेटवून झोपलं तर चालतं?

नाही. बुखारी, कांगडी (निखाऱ्यांची टोपली), गॅस हीटर, काहीच पेटतं ठेवून बंद खोलीत झोपायचं नाही. लाकूड-कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरात भाड्याच्या घरात राहणारं पाच जणांचं कुटुंब गुदमरून गेलं, त्यात लहान मुलं होती. झोपण्याआधी बुखारी विझू द्या, खिडकीची फट उघडी ठेवा, आणि विजेवर तापणारं अंथरूण असेल तर त्यावर झोपा. डोकं जड वाटलं, मळमळलं, तर आधी दार उघडून बाहेर या, कारण नंतर शोधा.

कपडे काय न्यायचे? सगळं नवीन घ्यावं लागेल का?

कोल्हापुरात पारा १२-१४ वर आला की आपण शेकोट्या पेटवतो. गुलमर्गला रात्री उणे ८, उणे १० होतं. त्यात चालत्या गाडीचा वारा. हवा उणे ५ असली आणि गाडी तासाला ३० किलोमीटरनं चालली तर उघड्या कातडीला उणे १३ सारखं वाटतं.

एक जाडजूड जॅकेट घेऊन भागत नाही. अंगाला चिकटणारं थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं. आत सुती बनियन घालू नका. घामानं भिजलेलं सूत वाळत नाही आणि गाडी थांबली की तेच अंगाला गार करतं. चांगले हातमोजे आणि लोकरीचे पायमोजे यांवर पैसे खर्च करा. पायमोज्यांचे चार जोड तरी हवेत. बाकी लांब कोट आणि गमबूट तंगमर्गला आणि वर भाड्यानं मिळतात. गमबूट घालून पाहताना दोन पायमोजे घालून पाहा. तंग बुटात रक्त खेळत नाही आणि बोटं आधी गारठतात.

हिवाळ्यात आपल्याकडं लागणाऱ्या स्वेटरवाल्यांच्या स्टॉलवर कानटोप्या आणि मफलर छान मिळतात. मफलर मात्र गाडीवर बसताना जॅकेटच्या आत खोचा, लोंबता नको. गॉगल हवाच. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं डोळे लाल होऊन चुरचुरतात. आमच्या आईनं धनगरी घोंगडं नेलं होतं. आम्ही वजनाची कुरकुर केली, आणि तिथं तीन रात्री सगळे त्याच्यासाठी भांडत होतो.

खाण्याचं काय?

मटण खाणाऱ्याला काश्मीर म्हणजे माहेर. रोगनजोश, रिस्ता, गुश्ताबा, सकाळी हरिसा. फक्त तिखटाची आपली कल्पना बाजूला ठेवा, तिथं बडीशेप आणि सुंठीचा स्वाद पुढं असतो. शाकाहारींना राजमा-भात, हाक म्हणजे तिथली पालेभाजी, दम आलू मिळतं. मिठाचा गुलाबी चहा, नून चाय, पहिल्या घोटाला विचित्र लागतो, तिसऱ्या दिवशी आपण मागून घेतो.

घरून भडंग, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, मेतकूट न्या. बर्फानं रस्ता बंद पडला की हटमधल्या स्वयंपाकघरात ठरावीकच पदार्थ उरतात. विमानात सुक्या खोबऱ्याची वाटी चालत नाही, सामानातून काढून घेतात. काडेपेटी, लायटर नको. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

वयस्कर आई-वडिलांना नेलं तर चालेल?

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट शिखराजवळ जवळपास ३,९५० मीटरवर सोडतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, आपला पन्हाळासुद्धा हजाराच्या आत. म्हणून पहिला दिवस श्रीनगरात, दुसरा दिवस गुलमर्गला नुसती विश्रांती, वर जायचं ते तिसऱ्या दिवशी. हृदयविकार, दमा, न आटोक्यातला रक्तदाब असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका, आणि दुसरा टप्पा सोडाच. डोकेदुखी, उलटी, धाप वाढत गेली तर खाली उतरणं हाच उपाय. कंबरदुखी, मणक्याचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर स्नोमोबाईलवर बसू नये, गाडी दणके देते. आमच्या आईनं गाडी केली नाही. खिडकीशी बसून ती बर्फ बघत होती आणि तिला तेवढं पुरलं.

गोंडोलाचं तिकीट तिथं गेल्यावर काढू का?

नको, ऑनलाइन आधीच काढा. हंगामात संपतात. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, म्हणून मुक्कामाच्या पहिल्याच शक्य दिवसाचं घ्या.

भाव किती सांगतात? घासाघीस करावी का?

सरकारमान्य दरांचे फलक लागलेले असतात, आधी ते वाचा. किती अंतर, किती वेळ, एका गाडीवर किती माणसं, चालक पुढं की मागं, हेल्मेट मिळणार का, हे बोलूनच बसा. हेल्मेट नसेल तर ती गाडी सोडा. आणि लाकडी स्लेज ओढणाऱ्याशी दहा-वीस रुपयांवरून फार ताणू नका. त्याची वर्षाची कमाई या अडीच-तीन महिन्यांवर उभी असते.

फोन आणि पैसे?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. रोख रक्कम जवळ असू द्या, बर्फात नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं. थंडीत बॅटरी भराभर उतरते, फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा.

थंडीवर थोडी रम घेतली तर?

गाडीवर बसण्याआधी अजिबात नाही. दारूनं गरम वाटतं, कारण कातडीकडं रक्त धावतं. त्याच वाटेनं अंगातली ऊब बाहेर जाते. वर तोल आणि अंदाज दोन्ही जातात. गरम कहवा प्या.

बोट किंवा कानाची पाळी पांढरट पडून बधिर झाली तर बर्फानं चोळू नका, बुखारीला लावूही नका, बधिर कातडीला चटका कळत नाही. कोमट पाण्यात धरा किंवा काखेत घ्या, आणि डॉक्टरांना दाखवा.

हिमस्खलनाची भीती कितपत?

ठरलेल्या पट्ट्यात, गर्दीच्या भागात फार नाही. वाट सोडून अफरवटच्या उतारांवर गेलं की खरी भीती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथं पोलंडचे दोन आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक स्कीपटू गाडला गेला, आणि ही सगळी सराईत माणसं होती. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. आपत्ती व्यवस्थापन विभागाच्या इशाऱ्यात त्या जिल्ह्याचं नाव पाहा. "वरून मस्त उतार आहे, नेतो" असं गाडीवाला म्हणाला तर नाही म्हणा.

लॅपलंडला जायचं तर तयारी कुठून सुरू करायची?

व्हिसापासून. फिनलंडसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. मोठ्यांना शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय व्हिसा केंद्राचा सेवाआकार. किमान ३०,००० युरोचा प्रवास-आरोग्य विमा बंधनकारक. विमा घेताना त्यात स्नोमोबाईल धरलेली आहे का, हे लेखी विचारून घ्या. काही विमे साहसी खेळ वगळतात.

स्वतः चालवायला वाहन परवाना लागतो आणि बहुतेक ठिकाणी वय १८ पूर्ण. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवला तर शंका राहत नाही, तो वर्षभर चालतो. लहान मुलं वाटाड्याच्या गाडीमागं जोडलेल्या झाकलेल्या स्लेजमध्ये बसतात. उबदार सूट, बूट, हातमोजे, हेल्मेट सहल नेणारेच देतात, तेव्हा त्यावर खर्च करू नका. गाडीचं नुकसान झालं तर किती रक्कम आपल्या अंगावर येते, तो कागद सही करण्याआधी वाचा.

तिथं जमिनीवर कमाल वेग ६० आणि गोठलेल्या तळ्यावर ८०. आम्ही तिशी-चाळिशीतच होतो आणि तेवढंही पुष्कळ वाटत होतं. उणे २० मध्ये चाळिशीनं गेलं की वारा उणे ३४ सारखा बोचतो. हँडल आतून तापतं, त्याचं महत्त्व तेव्हा कळतं. खुणेच्या काठ्यांच्या वाटेबाहेर जायचं नाही. जंगल मोकळं दिसलं तरी इंजिनाच्या गाडीला जमीनमालकाची परवानगी लागते, आणि तळ्यावर बर्फाखाली पाणी साचलेलं असू शकतं.

तिथलं लाकडी घर कसं असतं?

त्याला ते मोक्की म्हणतात. ओंडक्यांच्या भिंती, शेगडी, आणि सौना म्हणजे वाफेची खोली असतेच. रानातल्या काही घरांत नळ नसतो आणि संडास बाहेर असतो, म्हणून आरक्षणाआधी विचारा. आम्ही सौनाच्या फळीवर घामाघूम बसलो, तापलेल्या दगडांवर डावानं पाणी ओतलं की चर्र आवाज होऊन वाफ कानांना भाजायची. मग बाहेर पायरीवर यायचं. अंगातून वाफ निघतेय, वर चांदण्या, आणि आवाज म्हणाल तर आपल्याच श्वासाचा.

डिसेंबरच्या उत्तरार्धात लॅपलंडमधल्या रोव्हानिएमीला दिवस जेमतेम दोन-अडीच तासांचा असतो. गाडी चालवायची असेल तर फेब्रुवारीअखेर ते मार्च चांगला. उजेड भरपूर, बर्फ घट्ट, आणि रात्री उत्तरेकडचा हिरवा प्रकाश दिसायची आशाही असते.

पैसे वाचवायचे कुठं?

जेवणात वाचवा, खरेदीत वाचवा, ठिकाणांच्या यादीत वाचवा. विमा, हातमोजे, एका पीएनआरचं तिकीट आणि मोकळ्या दिवसांचं भाडं यांत वाचवू नका. आमच्या गुलमर्गच्या खर्चात निम्मा वाटा विमानाचा होता. तेव्हा तिकीट ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमाराला काढलं तर खरी बचत होते.

यंदा तुम्ही कधी निघताय?

किरणोत्सव झाला की. गुलमर्गला चार रात्री, श्रीनगरला दोन. आई म्हणते घोंगडं मी घेणार, आणि या वेळी कुणी कुरकुर केलेली नाही.